पाणीचिठ्ठीचे पंच्याहत्तर सेकंद

मी लिहिलेला पहिला खराखुरा प्रोग्राम सुरू व्हायला पंच्याहत्तर सेकंद घ्यायचा. आज हे हसत सांगते, पण तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते. नागपूरला कॉलेजच्या लॅबमध्ये तोच प्रोग्राम सहा सेकंदांत उघडायचा. मग आमच्या गावात तो पंच्याहत्तर घेतो, तर दोष गावाचाच, असं माझं अगदी प्रामाणिक मत होतं. नवं नवं शिकून आलेल्या माणसाचं डोकं काही दिवस असंच फिरलेलं असतं.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यातली गोष्ट. एमसीएचं शेवटचं सत्र प्रोजेक्टचं होतं आणि तो मी घरी राहून करायचं ठरवलं होतं. आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्यावरचं. पावसाळी धान निघाला की उन्हाळी धान, आणि उन्हाळी धान म्हणजे पाणी कधी मिळणार याचीच सगळ्यांना काळजी. कालव्यातून दर पाचव्या दिवशी गावाची पाळी यायची. त्या दिवशी पाणी वापर संस्थेच्या कचेरीतून प्रत्येक खातेदारानं चिठ्ठी घ्यायची. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, किती तास पाणी, ते चिठ्ठीवर लिहिलेलं. बारा वाजले की गेटवाला चिठ्ठ्यांच्या दुसऱ्या प्रती पिशवीत टाकून सायकलनं कालव्यावर निघायचा आणि त्या पाहून पाणी सोडायचा. ज्याची प्रत पिशवीत नाही, त्यानं पुढच्या पाळीपर्यंत थांबायचं.

या संस्थेचे सचिव म्हणजे माझे बाबा. बावीस वर्षं त्यांनी या चिठ्ठ्या हातानं लिहिल्या. कचेरी म्हणजे एक खोली, एक खिडकी, खिडकीबाहेर करंजीची सावली आणि तिच्यात रांग. बाबा आधी नाव विचारायचे. नाव ठाऊक असायचंच, तरी विचारायचे. मग वही उघडायची, पान काढायचं, तास सांगायचे, चिठ्ठी फाडून द्यायची. वही मिटायची, ती बांधायच्या लाल फडक्याचं टोक तिच्यावर ओढायचं, वरून तळवा ठेवायचा आणि मग म्हणायचं, "पुढं या." मी लहानपणापासून हे पाहत होते आणि मला ती म्हाताऱ्या माणसाची उगाचची चिकाटी वाटायची.

त्यांचा आणखी एक नियम होता, आणि तो कुणी घालून दिलेला नव्हता. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यानं आपली चिठ्ठी सगळ्यात शेवटी घ्यायची. आमचं दोन एकराचं वावर कालव्याच्या अगदी टोकाला, म्हणजे टेलवर. तिथं आधीच पाणी रडत रडत पोचायचं. पण रांग अकराच्या आत संपायची, त्यामुळं बाबांची चिठ्ठी शेवटची असली तरी आमची पाळी कधी चुकली नव्हती.

मग कचेरीत प्रिंटरसकट एक कॉम्प्युटर आला. कुठल्याशा कार्यालयात जुना झालेला होता तो, आणि दोन वर्षं खोक्यातच पडून होता. संस्थेच्या सभेत कुणीतरी त्याचा विषय काढला. बाबा उठून म्हणाले, "माही पोट्टी करते ना त्याच्यावर चिठ्ठ्यायचं काम." घरी येऊन मला विचारलं, "करशीन ना?" आधी सांगून आले आणि मग विचारलं! मला राग यायला हवा होता, पण मला भलतंच भारी वाटलं. प्रोजेक्टही झाला आणि मिरवायलाही झालं.

मी तो जावात लिहिला आणि नागपूरला जाऊन लॅबमध्ये चालवून पाहिला. जावाचं असं असतं की प्रोग्राम सरळ मशीनशी बोलत नाही. मशीनच्या आत आधी एक दुसरं, कल्पनेतलं मशीन उभं राहतं. ते प्रोग्रामचे तुकडे एकेक करून उघडतं, तपासतं, वाचतं आणि मग पहिली खिडकी पडद्यावर येते. आमच्या त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर हे सगळं व्हायला पंच्याहत्तर सेकंद लागत होते. मी म्हटलं, लागू देत. सकाळी एकदा सुरू करायचं आणि दुपारी बंद करायचं, त्यात काय एवढं?

पहिल्या पाळीला बाबांनी मला कचेरीत येऊ दिलं नाही. "लोकं म्हणतीन, सचिवाले येत नाही, पोट्टी चालवून रायली." ते एकटे गेले. एक वाजता घरी आले, हातपाय धुतले, पाटावर बसले.

"झालं?" मी विचारलं.

"झालं म्हणाव तं झालं."

"म्हणजे किती राहिले?"

"सोळा."

"आणि आपलं?"

"आपलं कसं होईन वो, सोळा रायले तं?" त्यांनी भात कालवला. "तुही मशीन सुरू व्हायलेच लय वेळ लावते."

मी चिडले. सकाळी एकदा सुरू करायला सव्वा मिनिट लागतं म्हणून सोळा जण कसे राहतील? नव्वदेक खातेदार, चार तास, हिशोब मला दिसत होता ना. मी मनात म्हटलं, बाबांना की-बोर्डवर अक्षरं सापडत नसतील आणि कबूल करायचं नसेल. तसं बोलले नाही, पण चेहऱ्यावर दिसलंच असेल. बाकी ज्यांची पाळी चुकली ते संध्याकाळी ओसरीवर येऊन बसले. कुणी आरडाओरड केली नाही. फक्त एक जण म्हणाला, "लिव्हनंच बरं होतं गा." बाबा म्हणाले, "एक पाळी पाहू अजून."

पुढचे पाच दिवस मी त्या पंच्याहत्तर सेकंदांच्या मागं लागले. बाबांचं म्हणणं खोटं आहे हे सिद्ध करायचं होतं, दुसरं काही नाही. दुपारी कचेरीची किल्ली घेऊन बसायचे. मोबाइलवर सेकंद मोजायचे आणि पाठकोऱ्या कागदावर लिहायचे. सुरू होताना कोणकोणते तुकडे आत येतात त्याची यादी पडद्यावर सोडली, तर ती संपेचना. नावं सरसर वर जाताहेत आणि मी तोंड उघडं ठेवून पाहते आहे. चिठ्ठी छापायला जे लागतं ते त्यात मूठभर, बाकी सगळा माझा शहाणपणा. वर्षभराचे अहवाल, रंगीत आलेख, तारीख निवडायला एक देखणं कॅलेंडर. ते कॅलेंडर मला फार आवडायचं. कुणी कधी वापरणार नव्हतं, पण उघडताना ते बारा सेकंद खायचं.

कॅलेंडर काढलं. अहवाल कुणी मागेल तेव्हाच आत येतील असं केलं. सगळ्या खातेदारांची यादी सुरुवातीलाच वाचायची थांबवली. ज्याचं नाव घालाल त्याचंच पान काढायचं. व्हायरस शोधणारा प्रोग्राम माझी फाइल दर वेळी उलटीपालटी करून तपासत होता, त्याला सांगून ठेवलं की बाबा रे, ही घरचीच आहे. जावाला रोज लागणारे तिचे स्वतःचे तुकडे एकदाच बांधून गाठोडं करून ठेवता येतात, म्हणजे दर वेळी नव्यानं तपासत बसायला नको. तेही करून ठेवलं. सगळ्यात मोठी चूक तर लाजेची होती. मी प्रोग्रामला मशीनकडे होती त्याहून जास्त मेमरी मागायला लावली होती, आणि ते बिचारं ती डिस्कवरून उसनी आणत बसायचं. मेमरी वाढवून मिळते का पाहायला मी गोंदियालाही जाऊन आले. दुकानदारानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "मॅडम, इतनी पुरानी मशीन का कुछ नहीं मिलता. जितना है उसी में चलाओ." मग मागणीच कमी केली.

चौथ्या दिवशी चौदा सेकंद झाले. पंच्याहत्तरचे चौदा! मी खोलीत एकटीच होते, तरी टाळी वाजवली. घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं वो माय. बांधीले भेगा पडून रायल्या." मी ऐकलं, पण ऐकल्यासारखं केलं नाही.

दुसऱ्या पाळीला मी हट्टानं कचेरीत गेले. खिडकीत नाही, मागं, कपाटाशेजारी स्टुलावर. पहिला शेतकरी आला. बाबांनी नाव विचारलं, एका बोटानं पण न चुकता टाइप केलं, चिठ्ठी निघाली, दिली. आणि मग त्यांनी माऊस धरला आणि वरच्या कोपऱ्यातली फुली दाबून माझा प्रोग्राम चक्क बंद केला. मॉनिटरवर तळवा ठेवला. म्हणाले, "पुढं या." आणि प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला.

दुसऱ्या शेतकऱ्यालाही तेच, तिसऱ्यालाही तेच.

माझं डोकंच सणकलं. म्हणजे पहिल्या पाळीला ते पंच्याहत्तर सेकंद नव्वद वेळा! मी उठले आणि सगळ्यांसमोर ओरडले, "बाबा, तुम्ही काऊन बंद करून राहिले दर वेळी? अहो, उघडंच ठेवायचं असते ते! एवढं साधं समजत नाही का?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. बावीस वर्षं त्या खुर्चीत बसलेला माणूस, आणि मी त्याला गावासमोर अडाणी म्हटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "उघडंच ठिवू?"

"उघडंच ठेवा," मी म्हटलं.

त्यांनी उघडं ठेवलं. रांग सपासप पुढं सरकू लागली. अर्ध्या तासात बावीस चिठ्ठ्या. मी स्टुलावर पाय हलवत बसले होते आणि मनात म्हणत होते, पाहा आता. बाबांना नीट दिसावं म्हणून मी पडद्यावरची अक्षरं मोठ्ठी ठेवली होती, याचा तर मला विशेष अभिमान होता.

त्या मोठ्ठ्या अक्षरांनीच घात केला. एक जण चिठ्ठी घेऊन गेला आणि त्याच्या मागं त्याचाच धाकटा भाऊ उभा होता. खिडकीत वाकला, तर बाजूनं तिरप्या दिसणाऱ्या पडद्यावर थोरल्याचं पान उघडंच. थोरल्यानं घरी सांगितलं होतं की वाटणीनंतर दोघांना सारखेच तास मिळतात. पडद्यावर थोरल्याचे पाच होते. धाकट्याला ठाऊक होतं, आपल्याला तीन.

"पाच? तुले पाच काऊन?" तो मागं वळून ओरडला. थोरला परत आला. खिडकीपाशीच धराधरी झाली. कोण कोणाची वाटणी, बहिणीचा हिस्सा कोण खाऊन राहिला, सगळं त्या करंजीखाली निघालं. लोक सोडवायला धावले. दोघांना पांगवेपर्यंत अकरा वाजले. आणि मग जे झालं ते माझ्या लक्षात राहिलं आहे. रांगेतलं कुणी पुढं यायलाच तयार होईना. एक म्हातारा लांबूनच म्हणाला, "सचिव, पयले ते बंद कर गा. मंग मी येतो."

बाबांनी प्रोग्राम बंद केला. पुन्हा प्रत्येकाला चौदा सेकंद सुरू झाले, त्यात लाइन गेली, इन्व्हर्टरनं मान टाकली, मशीन पुन्हा पहिल्यापासून उठवावं लागलं. बारा वाजता गेटवाल्यानं सायकल काढली. आठ जण राहिले होते. आठवे आम्ही.

दुपारी मी एकटी वावरात गेले. भेगांत माझं बोट सहज जात होतं. धान फुलोऱ्यात होता. फुलोऱ्यातल्या धानाला पाणी चुकलं की दाणा भरत नाही, हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी कळतं. मला हे ठाऊक होतं आणि तरी मी पाच दिवस कॅलेंडर काढल्याचा आनंद करत बसले होते. फार वाईट वाटलं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, बसून मी रडले, ते बाबांना ओरडले म्हणून की धानासाठी, ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं, यावेळी आवाज न चढवता. "वही काऊन मिटत होते तुम्ही दर वेळी?"

त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. "मंग? उघडी ठेवतेत का?" आणि म्हणाले, "वहीत निसतं पाणी नाही राहत वो. कोणाचं वावर कोण ठेक्यानं करून रायला, कोणाच्या बहिणीचं नाव लागलं, कोणाच्या वाटण्या झाल्या, सारं राहते. एकाचं पान दुसऱ्यानं पाह्याचं नाही. मिटतो म्हणून तं लोकं खरं सांगतेत."

"मग मला सांगितलं काऊन नाही?"

"आता हे काय सांगाची गोष्ट आहे?" ते म्हणाले. खरंच होतं. विचारायची गोष्ट होती, आणि मी विचारलं नव्हतं.

त्यानंतरच्या पाच दिवसांत मी सेकंदांकडं पाहिलंच नाही. चौदाचे तेरा केले असते, बाराही केले असते, तरी मिटणं आणि उघडणं नव्वद वेळा व्हायचंच. तेव्हा मिटणं ठेवायचं आणि उठवणं टाळायचं. मी कोपऱ्यातल्या फुलीचं कामच बदललं. ती दाबली की प्रोग्राम मरणार नाही. समोरचं पान पुसून टाकेल, आत त्याचा मागमूस ठेवणार नाही, आणि सगळा पडदा लाल होईल. आतलं मशीन मात्र जागं राहील. कुठलंही बटण दाबलं की नाव विचारायची कोरी चौकट. लाल रंग जुळवायला मी वहीचं फडकंच पडद्याशेजारी धरून बसले होते.

बाबांना दाखवलं. त्यांनी फुली दाबली. पडदा लाल झाला. बटण दाबलं, चौकट आली. पुन्हा फुली. मग संशयानं म्हणाले, "आत चालूच आहे ना हे? मंग मिटलं कसं म्हणाव?"

"पान मिटलं, बाबा. आधी तुम्ही काय करत होते, माहीत आहे? एकाची चिठ्ठी झाली की वही घरी नेऊन पेटीत ठेवायची, कुलूप लावायचं, आणि दुसऱ्यासाठी परत घरून आणायची. आता फक्त मिटली. तुमच्या हाताखालीच आहे."

त्यांनी जरा विचार केला. नंतर मला खिडकीबाहेर उभं केलं, माझं नाव विचारलं, आमचं पान काढलं, मिटलं. "वाकून पाय," म्हणाले. मी वाकून पाहिलं. लाल पडद्याशिवाय काही नव्हतं. तीनदा असं केल्यावर ते "चालते" म्हणाले.

तिसऱ्या पाळीला मी गेले नाही, लाज वाटत होती. घरीच अंगणात येरझारा घालत होते. साडेदहाला बाबा सायकलवरून आले. वेळेआधी त्यांना पाहून मी दारापर्यंत धावले. मला वाटलं, बंदच पडलं वाटतं. त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. आमची चिठ्ठी, नव्वदावी, शेवटची. "रांग सरली," म्हणाले. "फावडं घे, बांधी फोडाले ये." दुपारी पाणी टेलवर आलं तेव्हा आम्ही दोघं गुडघाभर चिखलात होतो. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले, चुकलं माझं." ते म्हणाले, "पाणी पाय, तिकडून फुटून रायलं." मी धावत जाऊन फावड्यानं माती लावली.

त्यानंतर उन्हाळाभर रांग कधी साडेदहाच्या पुढं गेली नाही. सभेत कुणीतरी माझं कौतुक केलं म्हणे. मी नव्हते. बाबांनीही घरी सांगितलं नाही, गेटवाल्याकडून कळलं.

मे महिन्यात मळणी झाली. पुण्याला नोकरीवर जायला माझे पंधरा दिवस उरले होते. खळ्यावर आई आणि मी सुपानं धान उफणत होतो. एका बाजूला दाणा पडत होता आणि वाऱ्यावर पोचट उडून दुसऱ्या बाजूला. थोड्याच वेळात दिसू लागलं की पोचटाचा ढीग दाण्याच्या ढिगाएवढा होऊन राहिला. असा मी कधी पाहिला नव्हता.

शेजारच्या खळ्यावरचे काका आले. ढिगात हात घातला, पोचट मुठीत घेऊन फुंकलं, सगळं उडालं. "एवढा पोचा काऊन गा यंदा?" त्यांनी बाबांना विचारलं. "आमचा तं बरा भरला."

बाबा पोत्याचं तोंड शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "फुलोऱ्यात गरम वारं लागलं."

माझ्या हातातलं सूप थांबलं. काकांचं वावर आमच्या धुऱ्याला धुरा लावून होतं. वारं काय एका धुऱ्यावर थांबतं? काकांनाही ते कळलंच असणार. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "वारं नाही, काका. दोन पाळ्या चुकल्या आमच्या. माझ्या प्रोग्राममुळं."

बाबांनी सुई पोत्यात खोचली आणि पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"वारं होतं," ते काकांना म्हणाले. "मी सांगून रायलो ना."

मग मला म्हणाले, "सूप धर नीट. दाणा सांडून रायला."